चाखणीसांचा उजवा जबडा

आधीच स्पष्ट सांगतो, मी बिस्किटं हौसेने खात नाही. तो माझा धंदा आहे. आमच्या कारखान्यात भट्टीच्या पलीकडे काचेची एक खोली आहे. त्या खोलीत एक टेबल, पाण्याचा जग, चूळ भरायचं बेसिन आणि एक खुर्ची आहे, आणि त्या खुर्चीत मी आहे. भट्टीतून घाणा उतरला की त्यातली बिस्किटं ताटलीत घालून माझ्यापुढे येतात. मी एक उचलतो, उजव्या दाढेखाली धरतो, डोळे मिटतो आणि चावतो. मग एक तर "जाऊ दे" म्हणतो, नाहीतर "थांबव". मी "थांबव" म्हटलं की पट्टा थांबतो, पॅकिंगच्या बायका हात पुसत गप्पा मारायला बसतात आणि भट्टीवाला माझ्या नावाने बोटं मोडतो.

भट्टीवाला म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला तिथे मीच चिकटवला. पण केल्या उपकाराची जाणीव हल्ली असते कुणाला? असो.

कारखान्यात मला सगळे चाखणीस म्हणतात. सुरुवातीला चिडवायला म्हणायचे. मी ती पदवी असल्यासारखी मिरवायला लागलो, तेव्हा त्यांची मजा गेली आणि नाव तेवढं राहिलं. मालकीणबाईसुद्धा मला चाखणीसच म्हणतात, आणि अगदी मानाने म्हणतात. त्या खुर्चीवर माझा जीव आहे. उगाच कशाला खोटं बोलू?

तर माझ्या बहिणीची मुलगी, माझी एकुलती एक भाची, दुखण्यावर संशोधन करते. बरं करत नाही बरं का, नुसतं बघते. दुखतं म्हणजे नेमकं काय होतं, कुठली नस कुणाला काय कळवते, असलं सगळं. एका सुट्टीच्या दिवशी ती आमच्याकडे जेवायला आली आणि म्हणाली, "मामा, मला जबड्यात इंजेक्शन घेणारी माणसं हवी आहेत."

"कोण येणार मरायला?" मी म्हटलं.

"तरुण मुलं येतात की. तुझ्या वयाची येत नाहीत. घाबरतात."

झालं! मला कुणी असं म्हटलं की माझं डोकं फिरतं. "मी घाबरतो? अगं, तुझ्या आईचे दुधाचे दात दोरा बांधून मी काढलेत!"

"म्हणून तर त्या अजून तुमच्याशी धड बोलत नाहीत," आतून बायको म्हणाली.

भाचीने मग पाट मांडून बसल्यासारखं समजावायला घेतलं. आपल्या अंगात एक पदार्थ असतो, त्याला ती ग्रोथ फॅक्टर म्हणते. बाळ पोटात असताना दुखणं कळवणाऱ्या ज्या मज्जापेशी तयार होतात, त्या याच्या जिवावर तगतात. हा मिळाला नाही तर मरून जातात. मोठेपणी मात्र त्याचं काम बदलतं. इथपर्यंत मी ऐकलं. त्यापुढे "मामा, तुझं कामच चावायचं, म्हणून आधी सांगते" असं काहीतरी ती म्हणत होती, पण माझ्या ताटातलं गार होत होतं. मी म्हटलं, "कळलं गं बाई सगळं. सही कुठे करायची तेवढं सांग." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तेव्हा मात्र मला तो माझा मोठेपणा वाटला.

तिच्या प्रयोगशाळेत दातांच्या डॉक्टरकडे असते तशी खुर्ची होती. तिने माझ्या गालावर एक रबरी टोकाची दांडी ठेवली आणि हळूहळू दाबत म्हणाली, "दुखायला लागलं की 'आता' म्हण." मी बराच वेळ काही म्हटलंच नाही. शेवटी माझी मान वाकडी व्हायला लागली, तेव्हा म्हटलं. मग तिने उजव्या गालात एक आणि डाव्या गालात एक अशी दोन इंजेक्शनं दिली.

"एका बाजूला ग्रोथ फॅक्टर आहे, दुसरीकडे नुसतं मिठाचं पाणी. कुठे काय, ते तुलाही माहीत नाही आणि मलाही नाही. प्रयोग संपल्यावरच उघडायचं."

"म्हणजे टोचणाऱ्यालाच पत्ता नाही की काय टोचलं? आमच्याकडे असा कारभार असता तर लोकांनी बिस्किटातून साबण खाल्ला असता."

"मामा, तोंड बंद ठेव, सुई आत आहे."

दुखलं का? छे! डास चावावा तेवढंसुद्धा नाही. वाटेत मी मुद्दाम शेंगदाणे घेतले आणि कटाकट चावत घरी आलो. बायकोला सांगितलं, "दोन्हीकडे मिठाचंच पाणी भरलंय पोरीने. एवढ्याशा थेंबाने काय होतंय! उगाच सरकारी विजेचं बिल."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला घाणा उतरला. आमचं जुनं चौकोनी बिस्कीट. माझ्या लग्नाच्या आधीपासून ते तसंच आहे आणि माझ्या लग्नापेक्षा जास्त खुसखुशीत आहे. मी उजव्या दाढेखाली धरलं, डोळे मिटले आणि चावलं.

आई शप्पथ, कानशिलापर्यंत कळ गेली.

"थांबव!" मी ओरडलो.

पट्टा थांबला. मेहुणा टॉवेलने घाम पुसत आला. "काय झालं, भावोजी?"

"हे बिस्कीट आहे की फरशी? किती कडक भाजलंयस!"

त्याने एक उचलून खाल्लं. "नेहमीसारखंच तर लागतंय."

"तुला काय कळतंय? गाढवाला गुळाची चव काय!"

"तेच पीठ, तेच लोणी, तीच आच. तुमचं काहीतरी बिनसलंय."

मी काचेवर बोट आपटून म्हटलं, "या खोलीत शब्द माझा चालतो. आच कमी कर." त्याने दातओठ खात कमी केली. पुढचा घाणा आला, तोही कडक. त्याच्या पुढचाही कडक. मी "थांबव" म्हणत राहिलो, तो आच उतरवत राहिला, आणि पॅकिंगच्या बायकांच्या त्या दिवशी इतक्या गप्पा झाल्या की दोन लग्नं ठरली.

बरं, सगळं जगच त्या आठवड्यात कडक झालं होतं. पाव कडक. पोळी कडक. फळवाल्याशी तर मी केळ्यावरून भांडलो. "कच्चं केळं देतोस? म्हाताऱ्या माणसाला फसवतोस?" त्याने तेच केळं माझ्यासमोर दोन बोटांनी चिरडून दाखवलं आणि गाडी पुढे ढकलली. घरी येऊन मी पलंगावर पडलो, जांभई दिली आणि "आई गं!" म्हणून गाल धरून उठून बसलो.

बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "का हो? आता जांभईपण माझ्या भावाने जास्त भाजली का?"

मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. काही प्रश्नांना उत्तर न देणं हेच शहाणपणाचं असतं.

भाची रोज फोनवर विचारायची, "शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" मी छाती काढून म्हणायचो, "शून्य!" ते खोटंसुद्धा नव्हतं. नुसतं बसलं तर मला काहीच दुखत नव्हतं. ती विचारायची, "आणि चावताना?" मी म्हणायचो, "चावताना जे होतं त्याला तुझा मामा जबाबदार नाही, भट्टीवाला जबाबदार आहे." ती हसायची. तिला वाटायचं, मामा नेहमीसारखा मेहुण्यावर घसरलाय.

इकडे कारखान्यात आच इतकी उतरली की चौकोनी बिस्किटाचा कणाच गेला. पुडा उचलला की आत भुगा. कपात बुडवलं की अर्धं बिस्कीट हातात आणि अर्धं तळाशी. दुकानदार तक्रारी करायला लागले. एका गिऱ्हाइकाने तर चहाचा कप तसाच गाळासकट मालकीणबाईंच्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाला, "चमचा द्या, म्हणजे जेवून टाकतो."

दोन दिवसांनी माझ्या खोलीत एक खोकं आलं.

खोक्यातून निघालं यंत्र. त्याला एक लोखंडी बोट होतं. खाली बिस्कीट ठेवलं की बोट सावकाश उतरायचं, बिस्कीट कट्कन मोडायचं आणि वर आकडा यायचा. आकडा मोठा म्हणजे बिस्कीट कडक, लहान म्हणजे मऊ. पॅकिंगच्या बायका त्या यंत्राला नवी सून म्हणायला लागल्या, कारण ती आली आणि सासऱ्याचं, म्हणजे माझं, टेबल कोपऱ्यात गेलं. कानामागून आली आणि तिखट झाली!

मालकीणबाई वाईट नाहीत हो. त्यांनी मला बसवून, पाणी देऊन सांगितलं. "चाखणीस, माझी आई आता फारशी चावू शकत नाही. जबडा दुखतो तिचा. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्यांसाठी एक मऊ बिस्कीट काढायचंय. भट्टीवाल्याने दोन तऱ्हेची केलीत. उद्या एक तऱ्हा यंत्र निवडेल, एक तुम्ही निवडा. आईला पलीकडच्या खोलीत दोन्ही ताटल्या देऊन ठेवते, खरं काय ते तीच सांगेल. ज्याचं बरोबर, त्याची ही खोली."

"आणि माझं चुकलं तर?"

त्यांनी माझ्या पेल्यात आणखी पाणी ओतलं. "गोदामात एक जागा आहे. बसून करायचं काम आहे."

गोदाम! मी, चाखणीस, गोदामात पोती मोजणार! माझ्या पायाखालची जमीन सरकली. आणि दारात मेहुणा उभा. तो नुसतं म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं," आणि निघून गेला. सख्खा मेहुणा!

त्याच संध्याकाळी भाचीकडे तपासणीला जायचं होतं. मी घुश्शातच खुर्चीत बसलो. तिने ती रबरी दांडी डाव्या गालावर दाबली. मी मागच्यासारखाच बराच वेळ गप्प. मग तिने दांडी उजव्या गालाला नुसती टेकवली.

"आता!" मी किंचाळलो. "आता, आता, आता! काढ ती!"

भाची दांडीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "मामा, तू मला रोज शून्य सांगत होतास."

"मग शून्यच आहे! बिस्किटं कडक आहेत, त्याला मी काय करू?" असं मी म्हटलं, आणि माझं मलाच ऐकू आलं. तोंड उघडं ठेवून मी बसलो. मग उघडं तोंडसुद्धा दुखायला लागलं, म्हणून मिटलं.

भाची आधी पोट धरून हसली. मग तिला माझा चेहरा दिसला, तेव्हा खुर्ची ओढून जवळ बसली.

"ऐक आता तरी. दुखणं कळवणाऱ्या नसेच्या टोकाशी बारीक दारं असतात. जोराचा दाब आला तरच ती उघडतात आणि वर निरोप जातो की दुखतंय. ग्रोथ फॅक्टर त्या टोकाला धरतो आणि नसेच्या आतून चालत चालत थेट पेशीच्या मुख्य घरापर्यंत जातो. तिथे सांगतो, दारं वाढवा, पहारा वाढवा. ती दारं तयार होऊन टोकाशी येईपर्यंत वेळ जातो. म्हणून पहिल्या दिवशी तू शेंगदाणे खात गेलास. नंतर मात्र ती नस इतकी हळवी झाली की साध्या चावण्यालाही बोंब मारते. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, तसं झालंय तिचं."

"म्हणजे राईचा पर्वत करते."

"अगदी. आणि तू पर्वत बघून भट्टी विझवलीस."

मला इतकी लाज वाटली की काय सांगू! मेहुण्याला गाढव म्हटलं होतं मी. फळवाल्यालाही काहीबाही बोललो होतो. पण लाज वाटली की मला राग येतो, त्याला इलाज नाही. "असला पदार्थ अंगात ठेवलाय कशाला देवाने? लोकांना छळायला?"

"उलट, जपायला. कुठे लागलं, सुजलं की अंग स्वतःच तिथे तो तयार करतं, म्हणजे ती जागा दुखरी होते आणि तू तिला धक्का लागू देत नाहीस. काही मुलांच्या पेशींना जन्मापासून हा पदार्थ घेताच येत नाही. त्यांना दुखतच नाही, मामा. दात आले की स्वतःची जीभ चावून टाकतात आणि त्यांना कळतसुद्धा नाही."

एवढं ऐकल्यावर मी माझी जीभ जरा आत ओढून घेतली. मग हळूच विचारलं, "उद्या कारखान्यात माझी बिस्किटं चाखायची परीक्षा आहे. काय करू?"

"डाव्या बाजूने चाव. आणखी काही दिवसांनी उजवी आपोआप पहिल्यासारखी होईल."

"डावीकडे मला दाढ नाहीये."

"मग देवाचं नाव घे," भाची म्हणाली. शिकलीसवरलेली मुलगी, आणि सल्ला बघा!

परीक्षेला सगळा कारखाना काचेबाहेर जमला होता. आत मालकीणबाई, मेहुणा, यंत्र आणि मी. मेहुण्याने दोन ताटल्या ठेवल्या. बिस्किटं दिसायला जुळी. तो माझ्याकडे बघतही नव्हता.

आधी यंत्राचा मान. लोखंडी बोट पहिल्या ताटलीतल्या बिस्किटावर उतरलं, कट्, लहान आकडा. दुसऱ्या ताटलीतलं मोडलं, जरा मोठा आकडा. मालकीणबाई म्हणाल्या, "यंत्राच्या मते पहिलं जास्त मऊ. चाखणीस?"

मी पहिलं उचललं आणि डावीकडे सरकवलं. तिथे दाढेच्या जागी नुसती हिरडी. काय कळणार कपाळ? दुसरं घेतलं, तसंच. दोन्ही सारखीच. मनात म्हटलं, बाबा रे, शहाणा हो. यंत्राने पहिलं सांगितलंय, तूही पहिलं सांग. बरोबर निघालं तर तुझं, चुकलं तर दोघांचंही. मी "पहि" एवढं म्हटलंसुद्धा.

पण इतक्या वर्षांची सवय. पहिल्याचा एक घास तोंडात उरला होता, तो जिभेने आपसूक उजवीकडे ढकलला. दाताखाली पटकन मोडला खरा, यंत्र खोटं बोलत नव्हतं. पण मग त्याचा लगदा झाला. टाळूला चिकटणारा, संपता न संपणारा लगदा. मी चावतोय, चावतोय, आणि प्रत्येक चावण्याला उजवा जबडा अधिकाधिक ठणकतोय. डोळ्यांतून पाणी आलं. कसाबसा गिळला. मग दुसरं बिस्कीट मुद्दाम उजवीकडे घेतलं. ते मोडायला किंचित जड गेलं, एक छोटीशी कळ आली, पण आत जाताच विरघळलं. पुढे चावायचं कामच नाही.

आता आली का पंचाईत! खरं सांगायचं तर कारणही सांगायला हवं. कारण सांगायचं तर उजवा जबडा सांगायला हवा. आणि जबडा सांगितला की इतके दिवस मी घातलेला सगळा गोंधळ उघडा पडणार, तोही मेहुण्यासमोर. मी मालकीणबाईंकडे बघितलं, काचेबाहेर बघितलं. मग माझ्या त्या खुर्चीकडे बघितलं आणि म्हटलं, जाऊ दे तिच्यायला.

"दुसरं," मी म्हटलं. "पहिलं मोडतं लवकर, पण नंतर छळतं. ज्याचा जबडा दुखतो त्याला मोडण्याचा त्रास एकदाच होतो, चघळण्याचा पुन्हा पुन्हा होतो. मला हे कळतंय, कारण माझाच जबडा दुखतोय. भाचीचं इंजेक्शन घेतलंय मी. चौकोनी बिस्कीट कधी कडक नव्हतंच. माझी नस हळवी झाली होती आणि मी साप म्हणून भुई धोपटत होतो."

मग मेहुणा म्हणाला, "म्हणजे माझी भट्टी बरोबर होती?"

"होती."

"परत म्हणा."

"होती रे बाबा."

"जरा मोठ्याने, बाहेर ऐकू जात नाही."

"तुझी भट्टी बरोबर होती आणि मी गाढव होतो!" मी इतक्या जोरात ओरडलो की जबड्यातून कळ आली, आणि बाहेर पॅकिंगच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मेल्या!

तेवढ्यात पलीकडचं दार उघडून मालकीणबाईंच्या आई आल्या. आम्ही सगळे त्यांना आजी म्हणतो. छोटीशी मूर्ती, हातात काठी, दुसऱ्या हातात गाठ मारलेला रुमाल. मागे उघड्या दारातून त्यांच्या दोन्ही ताटल्या रिकाम्या दिसत होत्या. कणसुद्धा नव्हता. मालकीणबाईंनी विचारलं, "आई, पहिलं पण संपवलंस का?"

आजींनी रुमाल मागे लपवला. मालकीणबाईंनी तो हळूच काढून घेतला आणि सोडला. आत पहिल्या बिस्किटाचे चघळून टाकलेले गोळे.

"तू एवढी हौसेने करतेस," आजी पुटपुटल्या, "तुझं मन कसं मोडू? पण ते तोंडात गेलं की संपतच नाही गं. दुखतं फार."

मालकीणबाई तो रुमाल हातात धरून बसल्या. मग मला म्हणाल्या, "चौकोनी बिस्कीट यंत्र बघेल. आजीबिस्कीट तुम्ही बघायचं. खुर्ची राहू दे जागेवर."

मी जिंकलो! घरी जाऊन मी बायकोला उचलणारच होतो, पण वयाचा विचार केला. मेहुणाही जेवायला आला आणि त्याने सगळी हकिगत तीनदा सांगितली, प्रत्येक वेळी मला थोडं जास्त गाढव करून. मी हसत होतो. काय हसत होतो! उजवा गाल धरून.

पण सुख काही टिकत नाही. रोज सकाळी उठलो की मी अंगठ्याने उजवा जबडा दाबून बघायचो. दुखतंय, छान. दुसऱ्या दिवशी जरा कमी. मग आणखी कमी. आजीबिस्किटाचा घाणा आला की मी मन लावून चावायचो आणि कळ शोधायचो, हरवलेली किल्ली शोधावी तशी. आणि एका सकाळी मी पलंगावर बसून अशी ऐसपैस जांभई दिली की दोन्ही कान हलले, आणि काही म्हणजे काही झालं नाही.

"बरं वाटलं ना?" बायको म्हणाली.

"मेलो," मी म्हटलं. "दुखत नाहीये."

तडक भाचीकडे गेलो. "आणखी एक इंजेक्शन दे. उजवीकडेच दे. डावीकडेही दे हवं तर."

"मामा, तू शुद्धीवर आहेस का?" ती म्हणाली. "लोक हा पदार्थ अडवायची औषधं शोधतायत. गुडघेदुखीवर तसं एक करूनही बघितलं. दुखणं थांबलं, पण काही जणांचे सांधेच झपाट्याने झिजले. आणि तू दुखणं वाढवून मागतोस? प्रयोग संपला. उजवीकडेच होतं, पाकीट उघडलं कालच. आता नाही मिळणार."

"अगं, पण माझी खुर्ची! मला आता तिथलं काहीच कळत नाही. माझ्या तोंडात ती दोन्ही बिस्किटं सारखीच लागतात."

भाचीने रबरी दांडी उचलून कपाटात ठेवली. "ज्याचं जळतं त्यालाच कळतं, मामा. तुझं विझलंय. ज्याचं अजून जळतंय त्याला विचार."

मी तोंड पाडून परतलो. पण दुसऱ्या सकाळी घाणा उतरला तेव्हा मी ताटली उचलली आणि काचेच्या खोलीत न जाता मागच्या अंगणात गेलो. तिथे उन्हात आजी बसलेल्या असतात. मी स्टूल ओढून समोर बसलो. म्हटलं, "आजी, आजपासून चाखायचं तुम्ही. मी फक्त बघणार. आणि रुमाल नाही वापरायचा. दुखलं तर दुखलं म्हणायचं, कुणाचंही मन मोडलं तरी चालेल."

"मला कुणी असं कधी सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या आणि एक बिस्कीट उचललं.

मी त्यांच्या जबड्याकडे टक लावून बघत बसलो. एकदा हलला, दोनदा हलला. मग मध्येच अडला, एका बाजूला कलला, डोळे बारीक झाले. माझा हात आपसूक माझ्या उजव्या गालावर गेला.

"थांबव!" मी भट्टीकडे तोंड करून ओरडलो. "लगदा होतोय! परत कर! दुखतंय!"

मेहुण्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "दुखतंय? कुणाला?"

"आम्हाला," मी म्हटलं.